डावा खिसा

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे. माणसं आपली गोष्ट जन्मापासून सांगतात. कोटाला ते जमत नाही. तो जिथे जिथे झिजला, तिथून तिथून त्याला आठवतं. म्हणून माझी गोष्ट तुकड्यांत आहे, आणि तुकडे शिवून द्यायला आता कोणी नाही.

शिवण

फिजी बेटावर लाउटोका गावी पत्र्याच्या लांब शेडमध्ये वासेमाधा नावाच्या बाईने मला शिवलं. शेवटी तिने माझे दोन्ही खिसे कच्च्या टाक्यांनी बंद केले. नवे कोट दुकानात असेच जातात, म्हणजे वाटेत खिसे लोंबत नाहीत. ज्याने कोट घेतला त्याने घरी नेऊन टाके कापायचे. शेजारच्या मशीनवरच्या बाईने विचारलं, इतकं गरम कापड कोण घालणार?

"ज्यांच्या खोलीत थंड हवेचं यंत्र असतं त्या," वासेमाधा म्हणाली.

सिडनीतल्या एका विमा कचेरीच्या बाईंनी मला घेतलं, चार वेळा घातलं, खिसे उघडलेही नाहीत. मग मी त्यांना घट्ट झालो. चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून लोसाच्या आईने मला उचललं.

कॉलर

लोसा टोंगा बेटांवरच्या लोकांतली, पण जन्मली-वाढली सिडनीच्या पश्चिमेला. आई इस्पितळात फरशा पुसायची. लोसा त्या घरातून विद्यापीठात गेलेली पहिलीच. कायदा आणि गुन्हेशास्त्र, दोन पदव्या एकत्र, पाच वर्षांत.

हे दोन विषय तिने उगाच निवडले नव्हते. तिचा भाऊ फिनाऊ एकोणिसाव्या वर्षी एका मारामारीत माणूस मारून बसला. चौदा वर्षांची शिक्षा झाली. नऊ वर्षांनी सुटकेचा अर्ज करता येणार होता. खटल्याच्या दिवशी सरकारने दिलेला वकील त्याला जिन्यापाशी दहा मिनिटं भेटला होता. पंधरा वर्षांची लोसा समोरच्या बाकावर बसून ती दहा मिनिटं बघत होती. त्या अर्जाच्या वेळी भावाच्या शेजारी आपण उभं राहायचं, एवढंच तिचं ठरलेलं होतं.

विद्यापीठाच्या पहिल्या दिवशी आईने माझी कॉलर नीट केली आणि म्हणाली, "अगदी पाद्रीणबाई दिसतेस."

"पाद्रीणबाईला पगार असतो, आई."

मग कात्री आणून लोसाने माझा उजवा खिसा उघडला. डाव्याजवळ थांबली. "हा सनद मिळाली की."

"तो मी कापीन," असं म्हणत आईने कात्री शिवणाच्या डब्यात ठेवली.

पाठ

लोसाच्या एकुलत्या एका पांढऱ्या शर्टाला पाठीवर इस्त्रीचा डाग होता. त्यामुळे मी चाळीस अंशांच्या उन्हातही अंगावरून उतरत नसे.

सकाळी कायद्याचा वर्ग. तिथे विचारत, त्याने केलं काय? दुपारी गुन्हेशास्त्र. तिथे विचारत, ही माणसं असं का करतात? सकाळच्या वर्गात खोटा खोटा खटला चालवायचे. त्यात लोसा बोलायला उभी राहिली की पेनं थांबायची. गुरुजी एकदा म्हणाले होते की ही मुलगी खऱ्या न्यायालयात टिकेल.

दुपारच्या वर्गात एकदा भिंतीवर शहराचा नकाशा आला. जिथे गुन्हे जास्त तिथे लाल रंग. लोसाची गल्ली काळपट लाल होती. शेजारच्या ब्रॉन्विनने हसत विचारलं, "तिकडे गाडी उभी केली तर चाकं तरी परत मिळतात का गं?"

"चाकं मिळतात. गाडीचं सांगता येत नाही," लोसा म्हणाली.

सगळे हसले. माझं पाठीकडचं अस्तर तेव्हा घामाने चिंब झालं होतं.

उजवा खिसा

चौथ्या वर्षी तुरुंगाच्या सहा भेटी होत्या. विद्यार्थी आणि कैदी गोल करून बसायचे आणि बोलायचे. त्या चुकल्या तर दोन्ही पदव्यांचं ते वर्ष पुन्हा करावं लागे. आधी एक कागद भरायचा होता. या तुरुंगात तुमचं जवळचं कोणी आहे का? पुढे आलं, तर लगेच कळवा.

लोसाने 'नाही' लिहिलं. ते खरं होतं. फिनाऊ तेव्हा पाच तासांवरच्या तुरुंगात होता.

दुसऱ्या भेटीनंतरच्या रविवारी चर्चहून आल्यावर आई अळूच्या पानांतलं मटण वाढत होती. तिने आनंदाने सांगितलं की फिनाऊला जवळ आणलंय. तुरुंगाचं नावही सांगितलं. लोसाचं जेवण थांबलं.

कागदाची प्रत माझ्या उजव्या खिशात होती. त्या आठवड्यात लोसाने ती इतक्या वेळा चाचपली की घडीवर फाटली. कळवलं तर भेटी बंद, वर्ष जाणार, भावाच्या अर्जाची वेळ चुकणार. सहाशे कैदी, गोलात येणार आठ. भेटी राहिल्या चार. तिने कळवलं नाही.

बाही

चौथ्या भेटीला फिनाऊ आत आला.

तो लहानपणी मावशीकडे वाढलेला, आडनाव तिचंच लावायचा. त्यामुळे यादी बघून कोणाला काही कळलं नव्हतं. आता एक सांगतो. लोसाच्या लोकांत बहिणीचा मान फार मोठा. तिच्यासमोर भाऊ अचकट विचकट बोलणार नाही, लाजेची गोष्ट काढणार नाही. ती खोलीत आली तर उठून जाईल. फिनाऊने एकदाच वर पाहिलं, मग मान खाली घालून बसला. ओळख दाखवली नाही. ती वेळ तशीच निभावली असती.

प्रश्न विचारायची पाळी ब्रॉन्विनची होती. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, ती कागदावरचं वाचत होती. "तुम्ही त्या माणसाला मारलंत, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

फिनाऊ उभा राहिला. "हिच्यासमोर नाही बोलणार."

"कोणासमोर?" पहारेकरीण म्हणाली.

"माझ्या बहिणीसमोर."

लोसाने माझी बाही इतकी घट्ट धरली की काखेत शिवण उसवली. फिनाऊला वाटलं, आपण बहिणीचा मान राखला. राखलाच होता त्याने.

अस्तर

अस्तर शाबूत आहे. इथे काही आठवत नाही.

बटणं

विद्यापीठाच्या चौकशीला तीन माणसं बसली होती. मधले, ती खऱ्या न्यायालयात टिकेल म्हणणारे गुरुजी. त्यांनी विचारलं, का कळवलं नाहीस?

लोसा माझं मधलं बटण फिरवत राहिली. "कळवायला हवं होतं. कळवलं नाही." बटण हातात आलं.

माणसं असं का करतात, हे दुपारच्या वर्गात विचारायचे. त्या टेबलाशी दुपारच्या वर्गातलं कोणी नव्हतं.

वर्ष गेलं. सहाव्या वर्षी दोन्ही पदव्या मिळाल्या. पण सनद देणाऱ्या मंडळाला आयुष्यातली प्रत्येक चूक लिहून द्यावी लागते, कितीही जुनी असो. लोसाने चार पानं लिहिली, काहीही लपवलं नाही. उत्तर आलं की एकदा लपवलंत, म्हणून आज विश्वास ठेवता येत नाही, दोन वर्षांनी या. त्याच वर्षी फिनाऊचा अर्ज सुनावणीला आला. त्याच्या शेजारी पुन्हा कोणीतरी दहा मिनिटांचं होतं. अर्ज फेटाळला गेला. दोन वर्षांनी लोसाने पाद्रीबाबांचं पत्र जोडून सनदेचा अर्ज पुन्हा पाठवला. या वेळचं उत्तर आणखी छोटं होतं. तिसऱ्यांदा तिने पाठवला नाही. आता ती एका गोदामात औषधांची खोकी भरते.

कोपरं

फिनाऊला पुन्हा लांब हलवलंय, सात तासांवर. आईने त्याला सांगून टाकलंय की लोसा वकील झाली. म्हणून वर्षातून दोनदा आई मला कपाटातून काढते. "कोट घाल. त्याला बरं वाटतं."

लोसा घालते. टेबलावर माझी कोपरं टेकवून बसते. फिनाऊ तिला कामाचं काही विचारत नाही, बहिणीला असं खोदून विचारायचं नसतं. तो चर्चच्या गाण्यांची चौकशी करतो, आईच्या गुडघ्यांची करतो. एकदाच म्हणाला, "कोट छान दिसतो." लोसाने मान हलवली.

पुढच्या वर्षी त्याची शिक्षा संपते. तो घरी येईल.

डावा खिसा

मागच्या भेटीला दारावरच्या पहारेकऱ्याने मला चाचपलं.

"यात काय आहे?"

"उघडलेलाच नाही."

"नवा आहे कोट?"

"नाही," लोसा म्हणाली.

मित्रांनो, कपड्यांना ऊन दाखवा, डांबराच्या गोळ्या ठेवा, हे तुम्हाला सगळेच कोट सांगतील. माझं मागणं एवढंच आहे. कोट घेतलात तर त्याच दिवशी त्याचे सगळे खिसे उघडा. रुमाल ठेवा, बसचं तिकीट ठेवा, काहीही ठेवा. चांगल्या दिवसासाठी एकही राखून ठेवू नका. वासेमाधाचा टाका कच्चा होता. तो फक्त लाउटोकाहून दुकानापर्यंत टिकायला घातला होता.

लोसाकडे येऊन दहा वर्षं झाली. अजून तुटलेला नाही.