पुढच्या गाडीने

"खोटं बोललात तुम्ही, साहेब. 'म्हातारी माणसं पुढच्या गाडीनं येतील' म्हणालात. गाडी नव्हतीच. ती नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी आमच्या तोंडावर फाटक लावलंत."

खुर्चीतल्या साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. नाटकातले साहेब म्हणजे वस्तीतला बेकरीवाला. डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी, मिशीला सकाळचं पीठ तसंच.

"वहिनी, जरा हळू घ्या ना," तो म्हणाला. "मीच फाटक लावलं असं वाटायला लागतं मला. काल घरी दार लोटलं नि पुन्हा उघडून बाहेर बघितलं. बायको म्हणाली, काय लफडं करून आलात?"

तालमीला बसलेल्या बायका हसल्या. वहिनीही हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

वस्ती तिला मशीनवाल्या वहिनी म्हणायची. गाव पेटलं तेव्हा लोकांनी दागिने उचलले, कागद उचलले. या बाईने शिलाई मशीनचं नुसतं डोकं उचललं, पाय तिथेच सोडून. आता त्याच मशीनवर ती वस्तीच्या पँटी आखूड करायची, चेनी बदलायची. नवीन कपडा शिवायला टाकण्याची ऐपत इथे कुणाचीच नव्हती. घर सोडून आलेली सगळी माणसं एका जुन्या गोदामाभोवती वसवलेली, आणि त्या गोदामालाच 'सभागृह' असं नाव दिलेलं. रंग मारला की गोदामाचं सभागृह होतं. निर्वासिताचा नागरिक मात्र एवढ्या सहज होत नाही.

नाटक बसवणारी ताई शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायची. घरोघरी बसून तिने लोकांना बोलतं केलं आणि ठरवलं, नाटक एका कुटुंबाचं करायचं, वहिनीच्या, आणि काम करणारे सगळे वस्तीतलेच घ्यायचे. ताई गुणी होती, पण पुस्तकातल्या दुःखावर पोसलेली. पहिल्याच तालमीत पळून जाण्याच्या प्रवेशात तिने सगळ्यांना हंबरडा फोडायला लावला.

वहिनीने हात वर केला. "कोण मेलंय?"

"अहो, तुम्ही घर सोडताय," ताई म्हणाली.

"सोडताना रडायला वेळ कुणाला होता? आम्ही भांडत होतो. हे म्हणाले, मशीन टाक. मी म्हटलं, तुम्हाला टाकीन पण मशीन टाकणार नाही. आबा म्हणाले, सुनबाई, ह्याला टाकच, मशीन निदान कामाला येतं."

आबा म्हणजे तिचे सासरे. ताईने आबांसाठी एक लांबलचक भाषण लिहिलं होतं, मायभूमीची माती कपाळाला लावून म्हणायचं.

"आबा मातीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत," वहिनी म्हणाली. "गुडघ्यांबद्दल बोलले. रस्ताभर. रस्त्याला शिव्या, गुडघ्यांना शिव्या, ज्यानं त्यांना हा मुलगा दिला त्याला शिव्या."

ताईने भाषण फाडलं. एवढं मोठं मन तिच्याकडे होतं, हे मान्य केलं पाहिजे.

मग आला फाटकाचा प्रवेश. खरं घडलं ते असं: सरहद्दीवरचं फाटक, त्याला लागून पलीकडे ट्रक. फाटकावरचा साहेब म्हणाला, जवान माणसं आणि पोरं आधी, म्हातारी पुढच्या गाडीने. आबांनी मशीन वर चढवून वहिनीच्या मांडीवर ठेवलं. म्हणाले, "मशीन सांभाळ. माझी काळजी नको, मी जुनं मॉडेल, मला कोण चोरतंय?" वहिनीला हसू फुटलं. ती हसत असतानाच फाटक लागलं.

ती हसत होती. नवऱ्याला हे माहीत होतं. बाकी कुणाला तिने आजवर सांगितलं नव्हतं.

पुढची गाडी आलीच नाही, आणि कचेरीची खिडकी सुरू झाली. काचेला पडलेल्या भोकाशी तोंड नेऊन आबांचं काय झालं ते विचारायचं, आणि पलीकडून पुनर्वसनाचे साहेब म्हणायचे, "चौकशी चालू आहे." मंत्र म्हणावा तसं. चौकशी चालू आहे म्हणजे नक्की कोण, कुणाला, काय विचारतंय? आपण विचारतोय आणि ते ऐकत नाहीत, एवढीच चौकशी चालू होती. नवऱ्याने जाणं सोडलं. "दगडावर डोकं आपटलं की डोकंच फुटतं," म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याने बापाचं नाव तोंडातून काढलं नाही. दिवसभर तो बाजारात हमाली करायचा, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा.

म्हणून वहिनीला हे नाटक हवं होतं. टाळ्यांची हौस नव्हती तिला. खिडकीवर माणूस एकटा असतो. सभागृहात साहेब पहिल्या रांगेत बसणार, मध्ये काच नसणार, आणि ती वस्तीदेखत विचारणार.

प्रयोग तोंडावर आला तेव्हा ताई पडलेल्या चेहऱ्याने आत आली.

"कचेरीतून निरोप आलाय. सभागृह त्यांचं आहे. नाटक चांगलं आहे म्हणतात, पण फाटकाचा प्रवेश काढा. लोकांच्या जखमेवरची खपली काढू नये, असं त्यांचं मत आहे."

"खपली लोकांची की त्यांची?" वहिनीने विचारलं.

"नाही काढला तर कुलूप लावतील. मी काय म्हणते, साहेब नुसता येईल, 'रांगेत या, एकेकानं या' म्हणेल, आणि अंधार करू. मग स्वागताचं गाणं. तुमचा सवाल नाही. अर्धं तर अर्धं, पण नाटक होऊ दे."

"अर्धा सदरा शिवून दिला तर गिऱ्हाईक घालून जाईल का?"

वहिनीने बायकांकडे पाहिलं. धुणी-भांडी आटोपून, सासवांची बोलणी खाऊन त्यांनी ओळी पाठ केल्या होत्या. एकीने तर नवऱ्याशी अबोला धरून परवानगी मिळवली होती. आपल्या एकटीच्या हट्टापायी सगळ्यांच्या ताटात माती कालवायची का? वहिनीने मान हलवली. हो म्हणाली नाही, नुसती मान हलवली.

घरी जेवताना नवऱ्याला म्हणाली, "आबांचा प्रवेश काढला."

तो बराच वेळ तोच घास चावत राहिला. "बरं झालं," म्हणाला. मग ताट सरकवत म्हणाला, "मग मी येतो बघायला."

प्रयोग रविवारी दुपारी होता. गोदाम शिगोशीग भरलं. पहिल्या रांगेत पुनर्वसनाचे साहेब आणि त्यांच्या बाईसाहेब, बसायला गादीच्या खुर्च्या. नवरा शेवटी, दाराजवळ भिंतीला टेकून उभा, वाटलं तर सटकता यावं म्हणून.

मशीनवरच्या भांडणाला लोक खदाखदा हसले. हसता हसता प्रत्येकाला आपापलं भांडण आठवत होतं. "आमच्यात कुकरवरून झालेलं," एक बाई शेजारणीला सांगत होती. "कुकर आणला, शिट्टी तिकडंच राहिली." पहिल्या रांगेतले साहेबही हसले. त्यांना वाटलं, चला, निभावलं.

रंगमंचावर दोन बाकडी जोडून ट्रक केला होता. वहिनी त्यावर मशीन मांडीवर घेऊन बसली. बेकरीवाला टोपी सावरत आला, छाती फुगवली, आणि जेवढं ठेवलं होतं तेवढं म्हणाला:

"रांगेत या. एकेकानं या. कागद हातात ठेवा."

आता अंधार व्हायचा होता. पण मागे दाराजवळ काहीतरी हललं.

वहिनीचा नवरा भिंत सोडून चालायला लागला होता. मधल्या वाटेने, मान खाली, उजवा हात सदऱ्याच्या खिशात कागद चाचपत. त्याच्या मागे एक म्हातारी उठली. तिच्या मागे कुकरवाली. मग खुर्च्या सरकल्याचे आवाज येत गेले आणि अर्धं सभागृह मधल्या वाटेत एकामागे एक उभं राहिलं. कुणी ठरवलं नव्हतं. वस्तीच्या आधी छावणीत पाण्याला, औषधाला, कांबळ्याला, अंघोळीलासुद्धा याच शब्दांवर उठलेली माणसं ती. डोक्याच्या आधी पायांना ते शब्द ऐकू यायचे.

म्हातारी अंधारात पडेल या भीतीने दिवेवाल्या इलेक्ट्रिशियनने सभागृहातले सगळे दिवे लावले. तेव्हा सगळ्यांनी एकमेकांना पाहिलं. हातात शिधापत्रिका, ओळखपत्रं, एकाच्या हातात नुसतं नाटकाचं तिकीट.

कुणीतरी फिस्सकन हसलं. "अहो, नाटक आहे हे," कुणी म्हणालं. म्हातारी ओशाळून परत फिरली.

"वहिनी," बेकरीवाला ओठ न हलवता कुजबुजला, "आता काय करू? मला पुढचं वाक्यच नाहीये."

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. रांगेच्या तोंडाशी तो उभा होता, कागद पुढे धरलेला, चेहरा मेल्याहून मेलेला. परत जायला वळणार होता. आता वळला तर हा माणूस पुन्हा कधी उभा राहणार नाही, हे तिला कळलं.

तिने मशीन बाकावर ठेवलं आणि ती ट्रकमधून उतरली.

"बसू नका कुणी," ती म्हणाली. "आजी, या पुढं. चुकून लागलीय खरी, पण रांग आपली आहे. मोडू नका."

म्हातारी थांबली. मग परत येऊन आपल्या जागी उभी राहिली आणि मागच्याला म्हणाली, "ढकलू नकोस रे मेल्या."

"अहो," वहिनी नवऱ्याला म्हणाली, "तुमचा नंबर पहिला. विचारा."

नवऱ्याने बेकरीवाल्याकडे पाहिलं. बेकरीवाल्याने पुठ्ठ्याची टोपी काढून काखेत धरली.

"माझ्याकडं नको बघू, दादा. मी पाव भाजतो. ते बघ, तिथं बसलेत."

त्याने बोट केलं. रांगेचं तोंड गादीच्या खुर्च्यांकडे वळलं.

साहेब उठले. "हे नाटकात नव्हतं. मला दाखवलेल्या संहितेत हे नव्हतं."

पडद्याआडून ताई बाहेर आली. "आता आहे," ती म्हणाली.

"हे बघा, मी सगळ्यांना सांगितलेलं आहे. याबाबत चौकशी..."

"चालू आहे," अख्ख्या सभागृहाने एका सुरात वाक्य पुरं केलं.

आणि मग जो हशा पिकला, तसा त्या वस्तीत कधी ऐकला नव्हता. पत्रे वाजले. म्हातारी डोळे पुसत हसत होती, इलेक्ट्रिशियन शिडीवर हसत होता, वहिनी कमरेवर हात ठेवून हसत होती, आणि या वेळी कुठलंही फाटक लागलं नाही. काचेमागून ज्या तीन शब्दांनी इतकी माणसं परतवली, ते शब्द त्या दुपारी मेले. साहेबांना ते पुन्हा वापरता येणार नव्हते. कुठल्याही खिडकीवर म्हटले असते तरी लोक हसले असते.

साहेब दाराकडे बघत होते. पण दारापर्यंतची वाट रांगेनेच भरली होती. कुणी अडवलं नाही, कुणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. नुसते उभे होते. उभं राहण्यात त्यांचा हात धरणारं जगात कुणी नव्हतं.

"बसा हो," बाईसाहेब हळूच म्हणाल्या. "एकदा ऐकून तर घ्या."

साहेब बसले.

नवऱ्याने कागद घडी करून खिशात ठेवला. त्याने आबांचं नाव घेतलं. पूर्ण, आजोबांच्या आणि गावाच्या नावासकट. वहिनीने पदराचं टोक दातात धरलं. त्याचा आवाज हमालाचा होता, शेवटच्या रांगेपर्यंत सहज गेला.

"गुडघे दुखायचे त्यांचे," तो म्हणाला. "निळा स्वेटर होता, कोपरावर ठिगळ, हिनंच लावलेलं. तुमच्या माणसानं त्यांना ठेवून घेतलं. मी त्यांचा मुलगा. जिवंत असतील तर कुठं आहेत ते सांगा, चालत जाऊन घेऊन येतो. नसतील तर तसं म्हणा. ऐकायला मी उभा आहे."

त्याच्या मागे म्हातारीने पदर सारखा केला. तिचा नंबर दुसरा होता.

"रांग मोठी आहे, साहेब," वहिनी म्हणाली. "बोला."