मुदस्सरचा कप

जुल्फिकारभाई म्हणजे माझे मोठे दीर. मी त्यांना भाईजान म्हणते. उभी जवानी कुवेतला घालवून ते महाडला परत आले ते दोन गोष्टी घेऊन: गुडघेदुखी आणि कॉफीचं वेड. गुडघ्यांना इथं डॉक्टर मिळाला, कॉफीला नाही. ‘महाडात कॉफी मागितली की गरम दूध देतात आणि त्यात चमचाभर पावडर रडत बसते,’ असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. शेवटी त्यांनी पुण्याचा एक दुकानदार गाठला आणि घरात लावायची दोन महागडी मशीनं आठवडाभर वापरून बघायला मागवली. आवडेल ते ठेवायचं, दुसरं परत.

‘वापरणार तू आहेस, अम्बरीन. निवड तूच कर,’ ते म्हणाले.

मला हसू आलं. कारण त्याच आठवड्यात मला दुसरीही एक निवड करायची होती, आणि ती कोणी वापरून बघायला देत नाही.

माझा नवरा मुदस्सर दोन हजार एकवीसच्या पुरात बेपत्ता झाला. सावित्रीचं पाणी मोहल्ल्यात शिरायला लागलं तेव्हा नदीकाठी लावलेला टेम्पो वर आणायला म्हणून तो बाहेर पडला. टेम्पो चिखलात सापडला, तो नाही. बेपत्ता नवऱ्याच्या बायकोने चार वर्षं थांबायचं, मग ती मोकळी, असं मुफ्तींनी माझ्या भावाला सांगितलं होतं. ती चार वर्षं सरली होती. म्हसळ्याहून भाऊ रोज फोन करत होता, ‘घरी ये.’ आणि इकडे माझी सासू नुरजहाँ, आमची अम्मी, एकच बोलायची: ‘त्येची मय्यत कुणी बघितली? नाय ना? मग तो हाय. अन् तू त्येची बायको हायस.’

खरं सांगते, मला अम्मी अडवत नव्हती. मला एकच भीती अडवत होती. मी जायचे, आणि दुसऱ्या दिवशी तो दारात उभा राहायचा.

मशीनं आली आणि जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी बसली. एक हँडलचं. त्यात बिया आपण दळायच्या, भुकटी आपण दाबायची, हँडल फिरवून बसवायचं आणि कप भरेपर्यंत समोर उभं राहायचं. माझी कॉफी एकदा कडूजहर झाली, एकदा पाणचट, आणि मग अशी जमली की भाईजाननी घोट घेऊन डोळे मिटले. मला ते मशीन मनापासून आवडलं. चूक झाली तर ती आपली असायची.

दुसरं मशीन सगळं स्वतः करायचं. दळायचं, मोजायचं, दूध तापवायचं, फेस काढायचं, सकाळी उठून स्वतःचं तोंड धुवायचं. शिवाय ते माणसं ओळखायचं. एकदा प्रत्येकाचा फोन त्याला जोडून दिला की कोण घरात आहे, कोण बाहेर गेलंय, कोण परत यायला निघालंय हे त्याला कळायचं, आणि माणूस दारात येईपर्यंत त्याच्या आवडीची कॉफी तयार.

‘अल्ला, ही तर सासू झाली,’ मी म्हटलं. अम्मीसुद्धा हसली.

भाईजाननी त्यात कुवेतचं आपलं जुनं खातं उघडलं. मुदस्सरही काही वर्षं तिथं होता. दोघे भाऊ एका खोलीत राहायचे तेव्हा त्यांच्याकडे ह्याच कंपनीचं एक लहान मशीन होतं. पडद्यावर घरातल्या माणसांची नावं आली. जुल्फिकार. अम्बरीन, हे आत्ताच घातलेलं. आणि मुदस्सर.

प्रत्येक नावापुढे घराचं छोटं चित्र होतं. माणूस घरात असला की हिरवं, बाहेर असला की राखाडी. तिन्ही घरं हिरवी होती.

‘जुना डेटा आहे,’ भाईजान घाईघाईने म्हणाले. ‘काढून टाकतो.’ पण पडद्याजवळ नेलेलं बोट त्यांनी तसंच मागे घेतलं. सख्ख्या भावाचं नाव पुसायला हात कुणाचा उठेल?

‘काय लिवलंय गो?’ अम्मीने विचारलं. तिला कुराणशरीफ वाचता येतं, मराठी नाही.

मी लपवलं नाही. ‘लिहिलंय, मुदस्सर घरात आहे.’

अम्मी पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, ‘कुठल्या खोलीत, ता पन दाखवतो काय?’

‘नाही.’

‘बरं,’ असं म्हणून ती तसबीची माळ घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज झाली आणि मशीन आपोआप चालू झालं. आधी एक लांब उसासा टाकला, मग बिया दळल्या. खाली कप नव्हता, कॉफी जाळीवर सांडली. मी बोट बुडवून चाखलं. जीभ पोळेल इतकं गरम दूध आणि फेसाचा एक बुडबुडाही नाही. मुदस्सर म्हणायचा, फेस म्हणजे दुकानदाराचा नफा. हातात फडकं धरून मी तिथंच रडायला लागले.

त्यानंतरच्या सकाळी मी उठायच्या आधीच कोणीतरी नळीखाली कप ठेवला होता. निळ्या काठाचा, त्याचाच. तो काठोकाठ भरला, निवला, त्यावर साय धरली. मग अम्मीने तो उचलून परसातल्या जास्वंदीच्या मुळाशी ओतला आणि धुऊन परत जागेवर ठेवला.

मशीन चुकतंय हे भाईजानना सिद्ध करायचं होतं. ते मुद्दाम पोलादपूरला गेले. तिथं पोचायच्या आत त्यांचं घर राखाडी झालं. परत फिरले तसा माझ्या फोनवर निरोप वाजला: ‘जुल्फिकार घराकडे निघाले आहेत.’ ते दारात चपला काढत होते तेव्हा त्यांची कॉफी कपात पडत होती. मी शेजारी गेले की माझं घर राखाडी, उंबऱ्यात पाय ठेवला की हिरवं. आमच्या बाबतीत ते एकदाही चुकलं नाही. मुदस्सर मात्र कुठं जात नव्हता की येत नव्हता. तो आपला हिरवाच.

मी बदलले. न्हाणीत शिरताना खाकरायला लागले. रिकाम्या खोलीतून जाताना डोक्यावरची ओढणी सारखी करायला लागले. एकदा तर पलंगाच्या त्याच्या बाजूला धुतलेल्या कपड्यांचा ढीग ठेवला होता तो उचलला आणि माफ कर म्हणाले. भर दुपारी, लख्ख उन्हात.

मग मेथी निवडता निवडता माझे हात थांबले. दारावर टकटक झाली की चार वर्षं जी अम्मी सगळ्यांच्या आधी धावायची, ती ‘मुदस्सर घरात आहे’ हे ऐकून एकदाही खोल्या धुंडाळत फिरली नव्हती. तिने एवढंच विचारलं होतं, कुठल्या खोलीत. आणि मशीन माणूस नाही, फोन ओळखतं; म्हणजे त्याचा फोन ह्याच घरात होता, आणि घरात कुलूप होतं ते एका तिच्या पेटीला.

मी तशीच तिच्या खोलीत गेले. ‘अम्मी, पेटीची चावी दे.’

मला वाटलं ती माझ्या अंगावर येईल. तिने कमरेची चावी काढून पलंगावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

हजहून येताना तिने स्वतःसाठी कफनाचं कापड आणलंय, झमझमच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं. ते पेटीच्या तळाशी असतं. त्याच्या घडीत मुदस्सरचा फोन होता, कुवेतहून आणलेला. काच तडकलेली, पाठ फुगलेली, चार्जिंगच्या भोकात वाळलेला गाळ. मागचं लाल कव्हर मी महाडच्या बाजारात घासाघीस करून घेतलेलं होतं.

‘तुडीलला खाडीकाठी लागला तो,’ अम्मी भिंतीशी बोलल्यासारखी बोलली. ‘पानी उतरल्यावर. माज्या मामेभावानं वळखला. त्येनंच धुतला, मिट्टी दिली. फोन तेवढा मला आनून दिला. मी शपथ घातली त्येला, कुनाला बोलायचा नाय. तो पन वारला गेल्या साली.’

‘का, अम्मी?’

‘तू इद्दतीचे चार म्हैने काढून गेली असतीस माहेरी. जुल्फिकार तकडं परदेशात. मग ह्या घरात कोन? मी अन् भिंती.’

मला त्या म्हातारीचा इतका राग आला की मी पेटीचं झाकण धाडकन आपटलं. ज्याच्यासाठी मी चार वर्षं दाराला कडी न घालता झोपले, त्याच्या नावाने मी एक फातेहासुद्धा वाचली नव्हती. मला विधवासुद्धा होऊ दिलं नव्हतं तिने.

भाईजान फोन घेऊन बाजारात दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने तो उघडून दाखवला, आत नुसती माती आणि गंज. ‘शेठ, हा पुरातच मेलाय,’ तो म्हणाला. भाईजान दुकानात असताना मी घरी मशीनसमोर उभी होते. मुदस्सरचं घर राखाडी झालेलं होतं. भाईजान फोन खिशात घालून उंबरा ओलांडून आत आले, आणि ते घर पुन्हा हिरवं झालं.

‘मेलेला फोन आहे, अम्बरीन,’ भाईजान म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. ‘त्यात बॅटरीच नाही आता.’

शुक्रवारी, जुम्याच्या दुपारी आम्ही तिघं तुडीलला गेलो. कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर मी आणि अम्मी उभ्या राहिलो, भाईजान एकटे आत गेले. अम्मीने सांगितल्याप्रमाणे खाडीकडच्या कोपऱ्यात दोन दगड होते, नाव नव्हतं. त्यांनी पायथ्याशी हाताने माती उकरली आणि फोन खाली पुरला. मी भिंतीवर कपाळ टेकून फातेहा वाचली आणि पोटभर रडले. इद्दत नवरा गेल्या दिवसापासून मोजतात; माझी कधीच संपून गेली होती, मलाच न कळता. मी मोकळी होते. तो कुठं आहे हे मला ठाऊक झालं होतं, आणि तो आता कुठल्याही दारात उभा राहणार नव्हता. अम्मी शेजारी उभी होती. तिला हात लावावासा मला वाटला नाही.

परतताना भाईजान गाडी चालवत होते, आम्ही दोघी मागे. महाड जवळ आलं आणि माझ्या पर्समध्ये फोन वाजला. मी निरोप वाचला, परत वाचला.

‘कुनाचा?’ अम्मीने विचारलं.

ह्या वेळीही मी लपवलं नाही. वाचून दाखवलं. ‘मुदस्सर घराकडे निघाले आहेत.’

भाईजाननी आरशातून माझ्याकडे बघितलं. गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन परत सरळ झाली. अम्मी मात्र ताठ बसली. चार वर्षांत मी तिचा चेहरा असा उजळलेला बघितला नव्हता. ‘जोरात चालव रे जुल्फिकार,’ ती म्हणाली. ‘घरात कोन नाय. कप ठेवायचा राह्यला.’

चार वर्षं मी ह्याच एका वाक्यासाठी जगले होते. फोन वाजला की आधी तेच मनात यायचं. आता ते आलं होतं, आणि मी फोन पर्सच्या तळाशी सारला. तो माझा नवरा होता, माझं त्याच्यावर प्रेम होतं, आणि तरी मला त्याच्या आधी किंवा त्याच्या मागून त्या घरात शिरायचं नव्हतं.

एसटी स्टँड दिसलं तसं मी म्हटलं, ‘भाईजान, इथं थांबवा. मी म्हसळ्याला जाते.’

त्यांनी गाडी थांबवली. अम्मीने माझं मनगट धरलं. तिची बोटं मी एकेक करून सोडवली. तिची नजर पुढे रस्त्याकडेच होती. भाईजान उतरून माझ्यापाशी आले. कपडे पाठवून देतो म्हणाले, भावाला फोन करतो म्हणाले. मग तिथंच घुटमळत राहिले.

‘उद्या दुकानाचा माणूस मशीन न्यायला येणार,’ शेवटी त्यांनी विचारलं. ‘कुठलं देऊ?’

गाडीच्या काचेतून अम्मी त्यांना हाताने खुणावत होती, चल, चल, उशीर होतोय.

‘हँडलचं परत द्या,’ मी म्हटलं. ‘ते दुसरं राहू दे. अम्मीला सोबत होईल.’