इटलीतला पाहायचा कार्यक्रम

सावनेरचे पाहुणे दुपारी येणार होते अन् मी सकाळपासून लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात ठाण मांडून बसली होती. उद्या कॉलेजात दोन चित्रांवर बोलायचं होतं, पण डोकं कुठं जागेवर होतं! बडोद्याले एम.ए.ले नंबर लागला होता माझा. पाहुण्यांचं म्हणणं, शिक्षणाचं लग्नानंतर पाहू. त्या 'पाहू'चा अर्थ मले समजत नाही काय? पण बाबांपुढं माझी बोबडी वळते. ते गॅलरीत येरझारा घालून राहिले होते.

पोह्यांसाठी कांदा चिरता चिरता आईनं स्क्रीनकडं पाह्यलं.

"हा कोणाचा पाहायचा कार्यक्रम वं, दीप्ती?"

"अवं आई, कार्यक्रम कायचा? देवदूत हाये तो. तुले देवाचं लेकरू होणार, असं मरियाले सांगाले आला. फ्रा अँजेलिकोचं चित्र."

"पोरगी तं स्टुलावर हात बांधून, वाकून बसली. हो म्हणते बिचारी."

"आता हे पाह्य. तोच प्रसंग, पण लोत्तोनं काढलेला."

आई सुरी ठेवून जवळ आली. इथली मरिया देवदूताकडं पाठ करून आपल्याकडंच वळली होती, दोन्ही पंजे वर. मधून एक मांजर जीव घेऊन पळून राहिलं होतं.

"हिचं मन नाही," आई म्हणाली. "आपली पोथी वाचत असन, मागून पाहुणा घुसला. अन् वरून ढगातून हात करून राहिला, तो बाप वाटते."

"देव हाये तो!"

"एकच."

मले हसूही आलं अन् रागही. मी फाडकन म्हटलं, "एवढं समजते तं मले काहून बसवून राहिले आज?"

"साडी नेसून घे," एवढंच म्हणाली ती. असा संताप आला मले तिचा!

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आत्यानं विचारलं, "मंग, पोरीची पसंती हाये ना?"

"आमची पोरगी माझ्या शब्दाबाहेर नाही," बाबा म्हणाले.

तेवढ्यात कपबशा उचलता उचलता आई बोलली, साऱ्यांसमोर, बाबांकडं न पाहता.

"तिलेच विचारा जी. मले कोणी विचारलं नव्हतं."

बाबांचा चेहराच उतरला. आत्याबाई माझ्याकडं वळल्या.

"नाही," मी म्हटलं. "मले बडोद्याले जायचं हाये."