कोल्ह्याचा तुकडा

एप्रिलमध्ये देल्फिनानं पोरांना जे शिकवलं, ते ऑगस्टात तिनं स्वतःच मोडलं. चुकून नाही, चांगलं समजून उमजून. एप्रिलचा तक्ता तेव्हाही वर्गाच्या भिंतीवरच होता. रान पहिल्या वर्षी बटाटा देतं, दुसऱ्या वर्षी दुसरा कंद, तिसऱ्या वर्षी जव, आणि मग सात वर्षं झोपतं. झोपलेल्या रानात मेंढरं चरतात, लेंड्या पडतात, गवत कुजतं, आणि त्यातूनच पुढच्या पोरांचं जेवण तयार होतं. चौदा पोरांनी मिळून तो तक्ता रंगवला होता. झोपलेल्या रानाला त्यांनी मिटलेल्या पापण्या दाखवल्या होत्या, आणि एकानं तर रानाच्या तोंडातून लाळही गाळली होती.

मग शाळांच्या बागेच्या योजनेचा साहेब कुस्कोहून फोन करायला लागला. "बाई, महिनाअखेर वाफे दिसले पाहिजेत. टिकाऊ शेती म्हणजे काय, तर पोरांच्या हाताला माती दिसली पाहिजे. दोन-चार फोटो पाठवा."

साहेबलोकांना माती फोटोतच आवडते. शाळेजवळ सपाट, कमी दगडांची जागा एकच होती. वरच्या अंगाचं रान, ज्याला गाव कोल्ह्याचा तुकडा म्हणे. त्याची झोप अजून तीन वर्षं उरली होती. शिवाय ऑगस्टचा पहिला आठवडा, म्हणजे भुईचं तोंड उघडं असण्याचे दिवस. त्या दिवसांत भुईला खायला घालतात, लोखंड घालत नाहीत. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत.

देल्फिना याच गावची. तिला तर त्या तुकड्याचं आणखीही काही माहीत होतं. सव्वीस वर्षांपूर्वी तिच्या बापानं तोच तुकडा झोप पुरी होण्याआधीच फोडला होता, बाजारात भाव आहे म्हणून, आणि तिची धाकटी बहीण इलारिया तिथल्या ताज्या नांगरटीत पडली होती. वीस दिवसांत पोर गेली. पुढं देल्फिना शिकली, मास्तरीण झाली. तिनं स्वतःला पटवून टाकलं, की बहीण न्यूमोनियानं गेली. त्या तुकड्याला आपण भीत नाही, हे तिला स्वतःलाच दाखवायचं होतं. फोटो हे निमित्त.

तिनं पायनांगर रोवला, पाय दिला, आणि पहिलं ढेकूळ गवतासकट उलटं पडलं. पोरं ओळीनं मागून ढेकळं सारत होती. सात वर्षांची नायदा त्यांत सगळ्यांत पुढं. तिचा पाय अडकला आणि ती तोंडावर आपटली. पोरं हसली. नायदा उठली, तोंडातली माती थुंकली, आणि रडली नाही. पडलेलं मूल रडलं नाही तेव्हाच देल्फिनानं पायनांगर खाली ठेवला.

त्यानंतर पाच दिवस नायदा बोलली नाही. घास तोंडात धरून बसायची, गिळायची नाही. अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी झोपायची आणि झोपेत दचकायची. दवाखान्यातली नर्स खालच्या गावाहून येऊन गेली, छाती तपासली, सलाईन लावलं, आणि उद्या सकाळी गाडी मागवते म्हणाली, शहरात न्यायला. नायदाची आई कॉफी तोडायला लांब खाली उतरलेली. घरात आजीच होती, सातुर्निना. गावातलं अर्धं बियाणं या म्हातारीच्या घरात आणि उरलेलं तिच्या डोक्यात. एप्रिलात तीच टोपलीभर बटाटे घेऊन शाळेत आली होती आणि पोरांना एकेकाचं नाव सांगितलं होतं. हा पुमाचा पंजा. हा सुनेला रडवणारा, सोलताना अंत बघतो. पोरं लोळून हसली होती.

आता म्हातारी हसत नव्हती. देल्फिना दारात आली तशी तिनं चुलीकडून मानही वळवली नाही.

"ये. शिकवलंस ना पोरांना, टिकाऊ शेती?"

"आजी, चुकलं माझं."

"मला कशाला सांगतेस? मी काय भुई आहे? पोरीचा जीव तिथंच राहिलाय, तुकड्यात. हाक मारून आणायला पाहिजे."

"तुम्ही मारा ना हाक. तुमची नात आहे."

"ज्यानं पोरीला रानात नेलं, त्यानंच हाक मारायची. मी गेले तर येईल होय ती?" सातुर्निनानं खुंटीवरची लाल लोकरी टोपी काढून तिच्यापुढं धरली. "दिवस बुडायच्या आत निघ. टोपी मातीला लाव, नाव घे, आणि वळणावळणावर हाक मारत ये. मागं बघायचं नाही. मागून काहीही ऐकू येवो."

देल्फिनाचे हात टोपीकडे जाईनात. हे सगळं तिनं एकदा केलेलं होतं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि टोपी इलारियाची होती. आई आजारी, म्हणून इलारियाला रानात तीच घेऊन गेली होती, आणि टोपीही तिच्याच हातात दिली होती. शेवटच्या वळणावर मागून पाऊल वाजलं, आणि ती घाबरून वळली होती. मागं कुणीच नव्हतं. घरी येऊन तिनं सांगितलं, नाही बघितलं. आजवर तिनं कुणापाशी तोंड उघडलं नव्हतं.

आतून नायदाचा श्वास ऐकू येत होता, अडखळत येणारा. देल्फिनानं टोपी घेतली.

तुकड्यात पोचली तेव्हा ऊन डोंगराच्या टोकावर होतं. फोडलेली माती काळी, ओली दिसत होती, पाच दिवस ऊन खाऊनही. तिनं भुईला म्हणून कोकाची पानं ठेवली, थोडी दारू शिंपडली, जिथं नायदा पडली तिथं टोपी दाबली आणि म्हणाली, "नायदा, चल. आजी वाट बघतेय. चल बाळा." आवाज वर्गातल्यासारखा निघाला, म्हणून पुन्हा हळू म्हटलं. मग टोपी छातीशी धरून ती वळली आणि उतरू लागली.

पहिल्या वळणावर काही नव्हतं. दुसऱ्या वळणावर तिनं हाक मारली आणि मागून खडे निसटल्याचा आवाज आला. बारकी पावलं होती, धावत थांबत येणारी. देल्फिनानं मान सरळ ठेवली. "ये, नायदा, ये," ती म्हणत राहिली.

तिसऱ्या वळणावर पावलं दोघांची झाली.

दुसरी पावलं सावकाश होती, दमलेली. आणि मग अगदी कानामागून आवाज आला, सव्वीस वर्षांत जरासुद्धा न वाढलेला.

"ताई, माझी टोपी कुठाय?"

देल्फिना जागच्या जागी थांबली. आयुष्यात इतकं कशासाठीच वळावंसं वाटलं नव्हतं. फक्त मान फिरवायची होती. इलारियाचा चेहरा तिला आता आठवतही नव्हता, आणि तो एका हातावर होता.

"घरी पेटीत आहे," ती पुढं बघतच म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि वाट धूसर झाली होती. "मी ठेवलीय जपून. तूही चल, इला. दोघी चला. मला वळता येत नाही गं, रागावू नको."

ती चालू लागली तशी पावलंही निघाली. उरलेल्या वाटेवर तिनं दोन्ही नावं घेतली. सातुर्निनाच्या उंबऱ्यापाशी पावलं थांबल्यासारखी वाटली. देल्फिना तशीच आत गेली आणि टोपी नायदाच्या डोक्यावर घातली.

पोर लांब श्वास घेऊन कुशीवर वळली. पाच दिवसांत पहिल्यांदा तिचे डोळे पूर्ण मिटले.

देल्फिना चुलीपाशी बसली आणि बोलून टाकलं. "आजी, मागच्या वेळी मी वळून बघितलं होतं. इलाच्या वेळी."

"ठाऊक आहे," सातुर्निना म्हणाली. "तुझ्या आईलाही ठाऊक होतं. दारात शिरलीस तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं तुझं. नऊ वर्षांच्या पोरीला काय विचारायचं? एक गेली होती, दुसरी तरी राहू दे, म्हणायची." तिनं कढत कांजीची वाटी पुढं सरकवली. देल्फिनानं ती तशीच चुलीपाशी ठेवली. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती.

सकाळी नर्सची गाडी आली तेव्हा नायदा बसून सूप पीत होती. नर्सनं छाती पुन्हा तपासली आणि पुढच्या आठवड्यात दाखवायला या म्हणाली. गाडी गेल्यावर नायदानं टोपलीकडे बोट केलं.

"आजी, तिरळी मावशी उकड."

"ही कोण तिरळी मावशी?" म्हातारी म्हणाली. "असा कुठला बटाटा नाही."

देल्फिना उठली आणि टोपलीतून एक जांभळा, दोन बाजूंना डोळे असलेला बटाटा काढून दिला. ते नाव इलारियानं ठेवलं होतं, मावशीवरून. मावशीला कळलं तर मार मिळेल म्हणून दोघी बहिणींनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं नाव?" देल्फिनानं विचारलं.

"ती म्हणाली. ती दारापर्यंत आली होती." नायदानं सूप संपवलं आणि तोंड पुसलं. "मी म्हटलं, चल की आत. तर म्हणाली, टोपी एकच आहे, तू जा."

देल्फिनानं घरी जाऊन पेटी उघडली.

नायदा हिंडूफिरू लागली त्या दिवशी शाळेचा एकच तास झाला, तोही तुकड्यात. "आपण रानाची झोप मोडली," ती पोरांना म्हणाली. "मी मोडली. आता परत निजवायचं."

"बाई, फोटो?"

"फोटो नाही."

पोरांनी एकेक ढेकूळ उचलून जागेवर बसवलं, गवत वर करून, आणि हातांनी थोपटलं. एका जागी देल्फिना स्वतः बसली. तिथं तिनं एक पिवळी लोकरी टोपी ठेवली, कसरीनं थोडी खाल्लेली, तिच्यात तसलाच एक जांभळा बटाटा घातला, आणि वर माती ओढली. नायदा शेजारी उभी होती. तिनंही दोनदा थोपटलं.

पोरं खाली उतरू लागली. देल्फिना सगळ्यांच्या मागं होती. शेवटच्या वळणावर ती थांबली, आणि या वेळी सावकाश वळून तिनं मागं बघितलं. तुकडा दिसत होता, वर गवत होतं, आणि एक मेंढरू कुंपणातून आत शिरत होतं.