खिडकीवरचा टीव्ही

आमच्या घरात टीव्ही घ्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त अभ्यास मी केला. नवऱ्याला वाटलं, बायकोला हौस आहे. हौस कसली डोंबलाची! मला माझी खिडकी वाचवायची होती.

बाहेरच्या खोलीला ती एकच खिडकी. सासऱ्यांचं खुब्याचं हाड मोडल्यापासून ते आरामखुर्चीत आणि मी त्यांच्या हाकेच्या अंतरावर. भाजीसुद्धा नवराच येताना आणतो. दुपारी बाबांचा डोळा लागला की बोळापलीकडची शिंपीण तिच्या खिडकीतून विचारते, "आहेस का गं?" मग तिच्या गिऱ्हाइकांच्या वाढत्या कमरा आणि माझं उतू गेलेलं दूध, असं काहीबाही आम्ही बोलत बसतो. दिवसभरात मी माणसासारखी बोलते ते तेवढंच.

नवऱ्याला पासष्ट इंची हवा होता, खिडकीच्या समोरच्या भिंतीवर. म्हणजे उजेड पडतो म्हणून दिवसभर पडदा ओढलेला राहणार, हे मला आधीच दिसत होतं. मी स्वयंपाकघराच्या दाराशेजारची अरुंद भिंत मापली. तिथे त्रेचाळीस इंची नेमका बसत होता. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तशी भिंत पाहून टीव्ही घ्यावा, असं मी चार दिवस ऐकवत होते.

तो एकटाच दुकानात गेला आणि तिथून त्याने व्हिडिओ कॉल केला. मी फोन बाबांच्या खुर्चीशेजारी धरला. नवऱ्याच्या मागे पन्नास टीव्हींवर एकच पोपट उडत होता.

"दादा," मी दुकानदाराला म्हटलं, "खोली लहान आहे. इतक्या जवळून पासष्ट इंची डोळ्यांवर येईल."

"नाही हो ताई. फोर-के आहे, जवळूनही चित्र फुटत नाही."

पहिला बार फुसका निघाला. मग मी राखून ठेवलेला काढला. "पण समोर खिडकी आहे. तिचा उजेड पडद्यावर येणार नाही का?"

दुकानदार म्हणाला, "हे मात्र बरोबर. दुपारी चित्रापेक्षा तुमची खिडकीच जास्त दिसेल."

"बघ!" मी नवऱ्याला म्हटलं. मला इतका आनंद झाला की आवाज चिरकला. "म्हणून तो दाराशेजारी लावायचा. छोटा घे."

नवरा हिरमुसला. तेवढ्यात खुर्चीतून बाबा म्हणाले, "अरे, मग खिडकीवरच लावा की. उजेडाची कटकटच मिटली."

"आजोबा, लाखमोलाचं बोललात!" दुकानदार म्हणाला. "चौकटीवर प्लायवूड ठोकून देतो. मजबूत काम."

"आणि हवा?" मी विचारलं.

"पंखा आहे ना," नवरा म्हणाला.

"मला तिथून बोलायला लागतं रे. शिंपिणीशी."

"मग तिला फोन करत जा. पण मानलं हं तुला, तू उजेडाचं काढलं नसतंस तर आपण फसलोच असतो."

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल मीच सोडून दिला होता. त्या क्षणी मला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. मी तो पदराला पुसून ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दोन माणसं आली आणि त्यांनी खिडकीवर पाटी ठोकावी तसं प्लायवूड ठोकलं. त्यांनी खिळे मागितल्यावर मी खिळे दिले, पाणी मागितल्यावर पाणी दिलं. टीव्ही लागला. निळा समुद्र, पांढरे पक्षी, मध्येच एखादा डोंगर.

"काय सूनबाई," बाबा खुशीत म्हणाले, "त्या खिडकीतून कधी दिसला होता का असा समुद्र?"

"नाही, बाबा."

त्या दुपारी बाबांचा डोळा लागलाच नाही. त्यांच्या मांडीवर रिमोट होता आणि समुद्रात मासे आले होते. मी डाळ निवडत बसले होते. तेव्हा माशांच्या मागून, लाकडाच्या पलीकडून बारीक आवाज आला.

"आहेस का गं?"

मी उठून टीव्हीपाशी गेले.

"मधे उभी राहू नकोस," बाबा म्हणाले. "हे काहीतरी बाहेरचं ऐकू येतंय." आणि त्यांनी आवाज वाढवला.

ती पुन्हा विचारत असेल म्हणून मी बाजूला सरून प्लायवूडला तोंड लावलं आणि म्हटलं, "आहे." ते माझं मलासुद्धा ऐकू आलं नाही.