कोपऱ्यावरची घंटा

भोंग्याने घंटा हलवली ती फक्त भाऊजींची जिरवायला.

भोंगा म्हणजे एका छोट्या मासेमारी बोटीचा मालक. आवाज असा की धक्क्यावर शिंकला तर समुद्रातले बोटवाले म्हणायचे, "सर्दी झालेली दिसते." आणि खोड्या? एकदा त्याने 'तपासणीवाले साहेब येतायत' अशी हूल उठवली आणि अख्ख्या बंदराकडून बोटी घासून घेतल्या. साहेब आजतागायत आलेले नाहीत.

भाऊजी म्हणजे त्याच्या ताईचा नवरा, बंद पाण्याचा राखणदार. बंदराच्या तोंडाशी खडकांचा एक पट्टा आहे, तिथे मासळी अंडी घालते. जाळ्यात माशांपेक्षा प्लास्टिक जास्त यायला लागलं, तेव्हा सगळे बोटवाले बैठकीला बसले, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि शेवटी ठरवलं: या पट्ट्यात जाळं नाही, गळ नाही, इंजिनसुद्धा नाही; हेच ते बंद पाणी. मग सरकारने शिक्का मारला. कडेने पाण्यावर तरंगणारे पिवळे बोये बांधले आणि कोपऱ्यावरच्या बोयावर एक घंटा टांगली. बोया हलला की ती वाजते. धुक्यात सगळ्या बोटी तिच्यावर कान ठेवून येतात. घंटा उजव्या हाताला ठेवायची, म्हणजे बोट बंद पाण्याच्या बाहेरून, खोल वाटेने बंदरात. आणि घंटा ऐकू येईनाशी झाली तर इंजिन बंद करून गप्प उभं राहायचं, हा तिथला जुना दंडक.

भाऊजींना त्या बोयांचा भारी अभिमान. "इंचभर हलला तरी मला झोपेत कळेल," असं परवा जेवताना म्हणाले. भोंग्याचा घास तिथेच अडकला, हसू दाबताना. काल संध्याकाळी त्याने जाळं ओढायच्या चाकाने बोयाला नांगरासारखा बांधलेला दगड तळावरून उचलला, बोया चांगला आत, बंद पाण्यात ओढून नेला आणि दगड पुन्हा सोडला. 'बघू आता झोपेत काय कळतंय!'

सकाळी उठला तर बाहेर धुकं. समोरचं घर दिसेना. भोंगा चहा पीत मनातल्या मनात गुदगुल्या करून घेत होता.

"ताई उठली का गं?" त्याने आईला विचारलं.

"कधीच गेली. भाऊजी आणि ती, दोघं. पाणी नितळ आहे म्हणाली, आजच मोजून टाकते."

भोंग्याने कप तसाच खाली ठेवला.

ताई दर हंगामाला पाठीवर हवेची टाकी बांधून खाली उतरते आणि पट्ट्यातले मासे मोजते. मासे वाढले तर पट्टा बंद राहणार, नाही तर पुन्हा सगळ्यांची जाळी आत. ती खाली असताना भाऊजी वर, वल्ह्याच्या होडीत. आत इंजिन येत नाही, म्हणून दोघं निर्धास्त.

आणि रात्री गेलेल्या बोटी आता परतायच्या वेळेला होत्या. घंटा उजव्या हाताला ठेवून.

भोंगा अनवाणी पळाला. बोटीवर चढला आणि वायरलेस तोंडाशी धरला. "दाढी! दाढी, ऐक! घंटेवर येऊ नकोस! घंटा जागेवर नाही! ताई खाली आहे!"

दाढी म्हणजे सगळ्यात मोठ्या बोटीचा तांडेल, तिचा कप्तान. त्या बोटीचा पाण्याखालचा पंखा माणसाएवढा.

वायरलेस खरखरला. "अरे वा, सकाळी सकाळी! आज मीच बकरा का?"

"आईची शपथ, दाढी!"

"मागच्या वेळी पण आईचीच होती. मला जुळं झालं म्हणून सांगितलं होतंस. पेढे वाटून बसलो मी! घंटा ऐकू येतेय मला, चांगली खणखणीत. ठेव."

भोंग्याने आणखी दोनदा हाक मारली.

त्याने इंजिन सुरू केलं, पण हलवलेल्या बोयाच्या अलीकडेच तो थबकला. पुढे ताई होती. कुठे, ते माहीत नाही. पंखा त्याच्याही बोटीला होताच. त्याने इंजिन बंद केलं आणि वल्हं घेतलं.

धुक्यात घंटा वाजत होती. टण्‌... टण्‌... आणि तिच्या मागून धड् धड् धड्. दाढीचं इंजिन. लांब नव्हतं.

"ताई! भाऊजी!" भोंगा ओरडला. ज्या आवाजाची अख्ख्या बंदराला कटकट, तो आवाज धुक्याने कापसासारखा गिळून टाकला. धडधड आता पायाखालच्या फळ्यांतून जाणवायला लागली.

माझं कोण ऐकणार? ऐकतील ते घंटेचं.

पुढच्याच लाटेला पिवळा बोया समोर आला. भोंग्याने उडी टाकली. शेवाळाने बुळबुळीत झालेल्या लोखंडावर तो पोटाने आदळला, वर सरकला आणि आत हात घालून त्याने घंटेचा आतला लोलक मुठीत धरला. बोया कलला, लोलक बोटांवर बसला. कळ मस्तकात गेली. त्याने दुसरा हात घातला, छाती घंटेवर दाबली आणि डोळे मिटले.

घंटा मुकी झाली.

धड् धड् धड्. अजून येतच होतं. 'बंद कर. बंद कर रे बाबा. नियम आहे ना तुझा!' ताई लहानपणी त्याला पोहायला शिकवायची, पोटाखाली हात धरून, तेवढं एकच डोळ्यांपुढे येत राहिलं. डिझेलचा वास आला. धुक्यात काहीतरी उंच, काळं दिसायला लागलं.

आणि इंजिन थांबलं.

"घंटा कुठे गेली रे?" वरून दाढीचा आवाज आला. हळू. घाबरलेला.

"माझ्या कुशीत आहे," भोंगा म्हणाला. दात वाजत होते, शब्द जेमतेम उमटले.

दोघांच्या मधल्या पाण्यात बुडबुडे आले. आधी थोडे, मग भरपूर. त्यातून ताईचं डोकं वर आलं. तिने तोंडातली नळी काढली, समोरच्या बोटीच्या काळ्या पोटाकडे पाहिलं, मग बोयाला चिकटलेल्या भावाकडे. धुक्यातून भाऊजींची होडीही आली. भाऊजी बोयाकडे बघत राहिले.

"हा इथे कसा?" ताईने विचारलं.

भोंग्याच्या जिभेवर तीन थापा तयार होत्या. प्रवाह, वादळ, दाढीचं जाळं.

"मी हलवला," तो म्हणाला. "मजा म्हणून."

दाढीने दाढीवरून हात फिरवला आणि वायरलेसवर बाहेरच्या बोटींना सांगितलं, "सगळे थांबा. इंजिन बंद. हो, मी बोलतोय, भोंगा नाही." त्याचं सगळ्यांनी पहिल्या हाकेला ऐकलं.

"परत जागेवर ठेव," भाऊजी म्हणाले.

भोंग्याने चहूकडे बघितलं. सगळीकडे सारखंच पांढरं. "जागा... आता कळत नाहीये, भाऊजी."

"तळाला दगडाने पडलेला खड्डा असेल," ताई म्हणाली. "तो शोधायला हवा. टाकीत हवा आहे अजून."

"नको ना ताई! धुकं जाऊ दे!"

"तोवर बाहेरचे किती वेळ तरंगत राहतील? एखाद्याने सुरू केलं म्हणजे?" तिने जवळच तरंगणाऱ्या त्याच्या बोटीच्या काठाला लटकून आत हात घातला, इंजिनची किल्ली काढली आणि भाऊजींकडे फेकली. "तू घंटा धर. मी वर येईपर्यंत सोडू नकोस."

ती खाली गेली.

भोंग्याची बोटं वांग्यासारखी सुजली होती. घंटेला मिठी मारून तो बुडबुडे बघत राहिला. ते लांब लांब जात होते. मध्येच दिसेनासे झाले.

"भाऊजी, दिसतायत का?"

भाऊजीही वाकून तिकडेच बघत होते.

भोंग्याने लोलक आणखी घट्ट आवळला.