एक फुटलेलं मत

मतदान हे गुप्त असतं आणि या गुप्ततेच्या पायावरच आपल्या लोकशाहीचा डोलारा उभा आहे. मंडणगड तालुक्यातल्या किंजळकोंडात हा डोलारा मतमोजणीच्या दिवशी दुपारी सव्वाबारापर्यंत उभा होता.

त्या वेळी हौसा अंगणात कुळीथ झोडपत होती. ओटीवर तिचे सासरे आप्पा भिंतीला टेकून बसले होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यात त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला एक शब्द, ‘नाय’. भूक लागली तरी नाय, पोट भरलं तरी नाय. हौसाला त्यातला फरक कळायचा. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगा विनोद आणि सून शमिका मुंबईला. घरात बोलायला हा एकच शब्द होता, पण दोघांना पुरत होता.

वरच्या आळीतून कुणीतरी ओरडलं, “फुटला! एक मत फुटला!”

पंचायत समितीला या खेपेस गावकीने आपला नितेश उभा केला होता. मतदानाच्या चार दिवस आधी सहाणेवर, म्हणजे शिमग्यात देवाची पालखी बसते त्या चौथऱ्यावर, घरटी एक नारळ ठेवून ठरलं होतं की मत माणसाचं नसतं, गावाचं असतं. मोजणीत प्रत्येक केंद्राचे आकडे वेगळे निघतात. त्यांचा फोटो टेबलावरून निघाला आणि पाचव्या मिनिटाला गावात पोचला. किंजळकोंड: नितेश दोनशे बारा, शेजारच्या गावचा अजिंक्य एक.

दोनशे बारांचा आनंद कुणालाच झाला नाही.

उन्हं उतरल्यावर गावकी बसली. गावकीचे प्रमुख म्हणजे गावकर दाजी. त्यांनी मध्ये नारळ ठेवला. “एकेकानं यावा, हात ठेवावा, मत सांगावा. ज्याच्या मनात पाप नाय त्याला भ्याचा काय?”

माणसं आली, हात ठेवून गेली. आप्पांना खुर्चीसकट उचलून आणलं होतं.

“आप्पाच्या वतीनं मी हात ठेवतो,” दाजी म्हणाले. “केंद्रात त्याचा सोबती म्हणून मीच गेलो व्हतो. बटण मीच दाबलाय.”

“नाय,” आप्पा म्हणाले.

“आप्पाचा आपला चालूच!” कुणीतरी म्हणालं आणि सहाण हसली.

शेवटी हौसा उरली.

“ये वयनी.”

“मी नाय सांगायची.”

“म्हंजे?”

“तितं केंद्रात त्या साहेबानं सांगितलान, मावशी, आत कुणी बघणार नाय, भायेर कुणाला सांगायचा नाय. मी व्हय म्हटला.”

“अगो, पन दिलास तर नितेशलाच ना?”

“ता पन नाय सांगायची.”

“बघा! साहेब हिचा सोयरा लागून गेला,” शेजारची सगुणा म्हणाली. “आमी काय परक्या? नारळ ठेवलास तवा तोंड होता ना तुला?”

खरं सांगायचं तर हौसाने मत नितेशलाच दिलं होतं. तेवढं बोलली असती तर घरी जाऊन भात टाकता आला असता. पण लग्न गावकीने ठरवलं, घराची जागा गावकीने ठरवली, नवरा गेल्यावर शेत कुणी करायचं तेही गावकीनेच. त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला सांगितलं होतं की इथे तू काय करतेस ते बघायचा कुणाला हक्क नाही. ती आत गरजेपेक्षा थोडी जास्तच वेळ उभी राहिली होती. तेवढी जागा तिला सहाणेवर आणून द्यायची नव्हती.

माणसाला वाळीत टाकणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे. दाजींना ते ठाऊक होतं. त्यामुळे किंजळकोंडाने हौसाला वाळीत टाकलं नाही. फक्त तिच्याशी बोलायचं नाही, तिला हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, विहिरीवर ती आली की बाकीच्यांनी कळश्या उचलायच्या आणि शिमग्याला पालखी तिच्या दारावरून पुढे न्यायची, एवढंच ठरलं. लेखी काही नव्हतं. आमचं गाव कायदा पाळणारं आहे.

पालखी दारावरून पुढे गेली त्या दुपारी आप्पा फार तळमळले. ‘नाय, नाय’ करत त्यांनी डाव्या हाताचा अंगठा आणि बोट जोडून गोल केला आणि डोळ्याला लावला. मग दाजींच्या घराकडे बोट दाखवलं. मग तोच अंगठा जमिनीवर दाबला, आधी खाली, मग बोटभर वर. यंत्रावर नितेशचं बटण खाली होतं, अजिंक्यचं बोटभर वर. हौसा बघत राहिली आणि तिला आठवलं. मतदानादिवशी दाजींनी शाईचं बोट दाखवत नितेशबरोबर फोटो काढला होता. फोटोत बरं दिसावं म्हणून चष्मा काढून केंद्राबाहेरच्या मांडवातल्या टेबलावर ठेवला आणि तसेच आप्पांना घेऊन आत गेले. तो चष्मा संध्याकाळी तिनेच त्यांच्या घरी पोचवला होता.

ती उठली आणि थेट दाजींच्या ओटीवर गेली.

“दाजी, त्या दिवशी तुमच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता.”

दाजींनी सुपारी कातरायची थांबवली. माणूस आतून हलला होता, पण गावकर जागचा हलला नाही.

“वयनी, सोबती म्हणून आत जायाच्या आधी लिहून घेतात. मत कुणाला दिला ता फोडायचा नाय. माजी सही हाय तितं. मी कायदा मोडणार नाय.”

“मग माज्याकडं कंचा कायदा मागत व्हतात?”

“आता तू निघ. तुज्याशी बोलताना कुणी बघितलान तर मला वाळीत टाकतील.”

आप्पा चैत्रात गेले, पहाटे. हौसा सात घरी गेली. सातही दारांना आतून कडी होती. सगुणाच्या दाराआड कुणीतरी रडत होतं, पण कडी निघाली नाही. विनोद आणि शमिका दुपारी पोचले. खांदे झाले तीन, त्यातले दोन बायकांचे. तेवढ्यात बाणकोटहून मासळीचा टेम्पो घेऊन येणारा चिराग रस्त्यावर थांबला. त्याने तिरडी बघितली, माणसं मोजली आणि चप्पल काढली.

“पोरा, तुजा धंदा बुडवतील,” हौसा म्हणाली.

“मावशी, मला तुमच्या गावात मत नाय. माजा काय उपटतायत?”

स्मशान गावकीचं. तिथे आडवा बांबू बांधलेला होता. आप्पांना त्यांच्याच डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीवर नेलं आणि त्यांनीच लावलेल्या ऐनाच्या लाकडांवर ठेवलं. लाकूड ओलं होतं. धूर फार झाला आणि वारा गावाकडे वाहत होता, त्यामुळे ज्यांनी दारं लावून घेतली होती त्यांनाही खिडक्या लावाव्या लागल्या. दाजी ओटीवर पेपर वाचत होते. चष्मा लावून.

त्याच पेपरात बातमी होती. सरकारने निवडणुकांबाबत नव्या विधेयकाचा मसुदा काढला होता. त्यात एक कलम असं की एकेका केंद्राची मतं वेगळी मोजायची नाहीत, पंधरा केंद्रांची एकत्र मिसळून मोजायची, म्हणजे कुठल्या वाडीने काय केलं ते कुणाला कळणार नाही. लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. किंजळकोंडाच्या गावकीने लगेच बसून हरकत लिहिली: ‘अशाने गुप्त मतदानावरचा ग्रामस्थांचा विश्वास उडेल.’ ठराव एकमताने झाला. नारळ ठेवला होता.

शमिकाने ती बातमी मोबाईलवर वाचून दाखवली. आप्पांचं बारावं उरकल्यावर हौसा म्हणाली, “माजी पन लिव्हायची हाय.”

पहिल्या एसटीने दोघी रत्नागिरीला गेल्या. कचेरीत सूचना घेणाऱ्या टेबलावर योगिनी नावाची मुलगी होती. डबा उघडून बसली होती, तो तिने मिटला आणि हौसाचं सगळं ऐकलं. सहाण, नारळ, चष्मा, कड्या, ओलं लाकूड. लिहिता लिहिता तिने दोनदा पेन बदललं, पेनं चांगली असूनही.

“मावशी, लिहीत नाही मी, नुसतं विचारते. तुम्ही मत दिलं होतंत कुणाला?”

“नाय सांगायची.”

योगिनीने मान हलवली आणि अर्जावर अंगठा घेतला. मग तिच्या लक्षात आलं की एक रकाना राहिला आहे: ‘सदर प्रकाराचा निवडणुकीच्या निकालावर झालेला परिणाम’.

“तो नितेश किती मतांनी पडला?”

“पडला नाय,” शमिका म्हणाली.

नितेश एक हजार नऊशे चार मतांनी निवडून आला होता. योगिनीने रकान्यात ‘निरंक’ लिहिलं.